नानांचा पुढे राहिलेला हात

माझं काम काय, हे आमच्या आहुपे गावात अजून कुणालाही धड कळलेलं नाही, आणि त्यात माझा दोष नाही. मी समजावून बघितलंय. कॉम्प्युटरच्या आत शेल नावाचा एक मुकादम असतो. आपण हुकूम लिहायचा, त्याने तो वाचायचा, हाताखालचे कामकरी ओळीत उभे करायचे आणि काम झालं की सगळ्यांना मोकळं करायचं. असे मुकादम पुष्कळ आहेत, दर कंपनीचा वेगळा. पण एकदा लिहिलेला हुकूम कुठल्याही मशीनवर, कुठल्याही मुकादमाने सारखाच पाळावा म्हणून त्यांच्यासाठी नियमांचं एक जाडजूड पुस्तक आहे. नवा मुकादम त्या पुस्तकाप्रमाणे वागतो का, हे मी तपासते. एवढं सगळं शांतपणे ऐकून माझे वडील, भागुजी, लोकांना सांगतात, "मंचरला कॉम्प्युटरवर असती." आणि गावातली कोंडाबाई विचारते, "म्हंजे झेरॉक्स काढती का?"

मंचरला खताच्या दुकानाच्या वरच्या मजल्यावर आमची कंपनी आहे. कंपनी म्हणजे रविंद्र सर, मी, आणखी दोघं आणि जिन्यावरून वर येणारा युरियाचा वास. दूध संकलनाच्या मशीनवर चालावा म्हणून सरांनी चार वर्षं खपून एक नवा शेल लिहिला. छोटा आणि सुटसुटीत. चांगला आहे, उगाच कशाला नाही म्हणू. पण त्याला त्यांनी आपल्या मुलीचं नाव दिलं, प्रज्ञा, आणि तिथेच घोळ झाला. त्यानंतर शेलमध्ये चूक दाखवणं म्हणजे सरांच्या घरी जाऊन त्यांच्या मुलीला नावं ठेवणं झालं.

मशीनवाल्या गिऱ्हाइकाची अट एकच होती. पुस्तकाप्रमाणे सगळ्या चाचण्या झाल्याचा अहवाल हवा, तपासणाऱ्याच्या सहीसकट. चाचण्या एक हजार चाळीस. त्यातल्या एक हजार एकोणचाळीस पास झाल्या आणि पाचशेबारावी अडली.

पाचशेबारावी दिसायला अगदी गरीब आहे. दोन कामकरी ओळीत उभे करायचे. पहिल्याने एकामागून एक ओळी पुढे देत राहायचं. दुसऱ्याला त्यातली एकच ओळ हवी असते, ती मिळाली की तो निघून जातो. घेणारा गेला हे कळल्यावर देणाऱ्यानेही थांबून घरी जायचं. बाकी सगळ्या शेलमध्ये तो जातो. प्रज्ञामध्ये तो तसाच लटकून राहायचा, ना काम ना सुट्टी. एकदा मी खाली जाऊन चहा पिऊन आले, वर मिसळही खाऊन आले, तरी हा तिथेच.

पंधरा दिवस मी त्या देणाऱ्याच्या मागे हात धुऊन लागले होते. हा मूर्ख थांबत का नाही? त्याचं सगळं वागणं तपासलं. मग घेणाऱ्याचं तपासलं. दोघंही पुस्तकाप्रमाणे वागत होते. दोष कुणाचाच नाही आणि काम मात्र ठप्प.

सर म्हणाले, दूध संकलनात असला हुकूम कोण देणार आहे? त्या चाचणीपुढे 'लागू नाही' लिही आणि सही कर.

मी म्हणाले, पुस्तकात लागू आहे.

सर म्हणाले, पुस्तक लिहिणारे दूध घालायला येत नाहीत.

इथे मी गप्प बसायला हवं होतं. माझी जीभ मला गप्प बसू देत नाही, ही आईची तक्रार मी दुसरीत असल्यापासूनची आहे. मी म्हणाले, चूक पुस्तकात नाही, चूक प्रज्ञात आहे. सरांचा चेहरा मुलीला नापास केल्यासारखा झाला. मग ते अगदी हळू आवाजात बोलले, आणि ते हळू बोलले की खरं बोलतात.

"चूक दाखव. शुक्रवारी दुपारी बाराला अहवाल जाणार. त्याआधी दाखवलीस तर मी दुरुस्त करीन. नाही दाखवता आली तर सही करायची. सही करायची नसेल, तर सोमवारपासून येऊ नकोस."

मला ते काम हवं होतं. नियमात काय लिहिलंय आणि समोर काय घडतंय यांच्यामधली फट शोधायला मला मनापासून आवडतं. दुसरं काही मला इतकं जमतही नाही. पण खोटी सही करून ते काम टिकवलं असतं, तर पुढे मी तपासणार काय होते?

हे मंगळवारी झालं. त्याच संध्याकाळी आईचा फोन आला. बैलाने बाबांच्या पायावर पाय दिला होता, पावलाचं हाड मोडलं होतं, आणि गावात पडकई सुरू होती.

आमच्याकडे डोंगरउतारावर भाताची खाचरं पाडायची आणि दगडी बांध घालायचे, हे एका घराच्या आवाक्यातलं नाही. म्हणून सगळी घरं मिळून आज एकाच्या, उद्या दुसऱ्याच्या उतारावर राबतात. त्याला पडकई म्हणतात. दर घरचा एक माणूस, दिवस बुडेपर्यंत. ज्या घराचा खाडा पडला, त्या घराच्या बांधाला कुणी येत नाही. हे कुठे लिहिलेलं नाही. ते कोंडाबाईच्या डोक्यात आहे, आणि तिथे खाडाखोड चालत नाही. बुधवार ते शुक्रवार गेणभाऊंच्या उताराची पाळी होती, त्यानंतर आमची. बाबा खाटेवर, आई बाबांना आणि गुरांना बांधलेली. उरले मी. लॅपटॉप पिशवीत घालून बुधवारी पहाटेच्या एसटीने आले आणि नऊला ओळीत उभी राहिले.

पडकईची ओळ अशी असते. खाली ओढ्यापाशी गेणभाऊ दगड उचलून देतात. तिथून तो हातोहात वर चढतो. वरच्या टोकाला रामदास बांध रचतो. मधे उंचवटा असल्यामुळे खालच्यांना रामदास दिसत नाही, प्रत्येकाला फक्त आपल्या पुढच्याचे हात दिसतात. पुढे हात असतील तर दगड हातात धरून थांबायचं, रिकामे झाले की द्यायचा. हात मागे गेले तर दगड खाली ठेवून बसायचं. मग तुमचे हात मागे गेलेले बघून तुमच्या खालचा बसतो आणि अशी सगळी ओळ बसते. ओळ लावतात सावळेराम नाना. तेच आमचे मुकादम. सकाळी रामदासच्या शेजारी उभं राहून ते स्वतः हात पुढे करतात, पहिला दगड घेऊन रामदासच्या हवाली करतात आणि बाजूला होतात. वय सत्तरच्या पुढे, पण आवाज अजून खालच्या ओढ्यापर्यंत जातो.

बुधवारी जेवणाच्या सुट्टीत मी टेकाडावर गेले, कारण रेंज तिथेच येते. सरांना फोन लावला. वारा होता, म्हणून ओरडून बोलावं लागलं. मी सांगितलं, प्रज्ञा अजून मधेच अडकते, हलतच नाही, शेवटी मारावीच लागते. आमच्या धंद्यात अडकलेलं काम बंद करण्याला मारणं म्हणतात. टेकाडाखाली भाकरी खात बसलेल्या कोंडाबाईला हे माहीत असण्याचं कारण नव्हतं.

दुपारी ओळीतून बातमी दगडांच्या उलट दिशेने खाली गेली आणि दगडांपेक्षा लवकर पोचली. आरतीच्या साहेबांची मुलगी आजारी आहे, जागची हलत नाही, आणि घरचे तिला मारतात. संध्याकाळी रामदासने मला बाजूला घेऊन घोडेगावच्या एका डॉक्टरचं नाव सांगितलं. मी समजावायचा प्रयत्न केला. शेल म्हणजे मुकादम, असं सुरू केलं आणि त्याचा चेहरा बघून सोडून दिलं.

गुरुवारी दुपारी तीनच्या सुमाराला रामदासला कोपऱ्यासाठी एक मोठा दगड हवा होता. तो आला, त्याने बसवला, आणि तंबाखू मळायला पलीकडच्या जांभळीखाली निघून गेला. त्यात त्याचं काही चुकलं नाही. त्याला एकच हवा होता.

ओळीत वरून पहिली कोंडाबाई, दुसरी मी. उंचवट्यावर असल्यामुळे मला वरचं आणि खालचं दोन्ही दिसत होतं. कोंडाबाईने पुढचा दगड उचलून धरला. समोर नानांचे दोन्ही हात पुढे होते, पण ते दगड घेईनात, म्हणून ती थांबली. मीही थांबले. माझ्या खालचे थांबले. पाच मिनिटं झाली. गेणभाऊंपर्यंत एकवीस माणसं एकेक दगड पोटाशी धरून उन्हात उभी होती. कुणाला दगड पुढे देता येईना आणि कुणाला खाली ठेवता येईना.

माझ्या हातातला दगड चांगला दहा किलोचा होता. आधी मला रामदासचा राग आला. मग गेणभाऊंचा आला, की हा माणूस खालून द्यायचं थांबवत का नाही. मग वाटलं, बरोबरच आहे त्यांचं, पुढे हात दिसत असताना ते कसे थांबतील? मी मान वाकडी करून वर बघितलं. नानांचे हात पुढे होते खरे, पण दगडासाठी नव्हते. ते पलीकडे उभ्या असलेल्या एका वाटसरूला परवा दिसलेला बिबट्या दाखवत होते.

"एवढा व्हता," नाना म्हणत होते. "शेपूट सोडून."

"आत्या, दगड ठेव खाली," मी कोंडाबाईला म्हणाले. "रामदास कधीच गेलाय."

"हात पुढं हाय ना त्यांचा," कोंडाबाई म्हणाली. "मी कशी ठिवू?"

आणि मला कळलं. देणारा चुकत नव्हता. घेणाराही चुकत नव्हता. ज्याने ओळ लावली त्या मुकादमाचा हात पुढे राहिला होता, आणि मी पंधरा दिवस त्याच्याकडे ढुंकूनही बघितलं नव्हतं. मी दगड तिथेच टाकला आणि घराकडे पळत सुटले. मागून कोंडाबाईने शांतपणे सांगितलं, की दिवस बुडायचा आहे अजून, हा खाडा धरला जाईल.

घरी वीज सकाळपासून गेलेली. लॅपटॉपमध्ये नऊ टक्के उरले होते. प्रज्ञा ओळ कशी लावते ती जागा उघडली. ती आधी घेणाऱ्याच्या जागी स्वतःचा हात पुढे करते, मग ते काम दुसऱ्या कामकऱ्याला सोपवते. बरोबर आहे, पुस्तकातही तसंच चालतं. त्यानंतर तिने आपला हात मागे घ्यायला हवा. ती ओळ तिथे नव्हती. ती जागा मी आधी वीसदा वाचली असेल. लिहिलेलं सगळं बरोबर होतं, म्हणून न लिहिलेलं मला दिसलं नव्हतं. दुरुस्त करून बघायच्या आत लॅपटॉपने मान टाकली. मी फोन घेऊन टेकाडावर धावले. सरांना लिहिलं, 'चूक सापडली. प्रज्ञाचा हात', पुढे 'पुढेच राहतोय' लिहायचं होतं. पण चुकून अर्धाच संदेश गेला आणि फोनही बंद पडला.

'चूक सापडली. प्रज्ञाचा हात.' एवढ्यावर कुठल्या बापाला चैन पडेल? शुक्रवारी सकाळी साडेदहाला सरांची गाडी गेणभाऊंच्या उताराखाली येऊन थांबली. पायात पॉलिश केलेले बूट, खिशात पेन, हातात अहवालाचा कागद. ते आले होते माझी सही घ्यायला, हे मला त्या पेनावरून कळलं. 'लागू नाही' त्यांनी स्वतःच्या अक्षरात लिहूनच आणलं होतं.

सगळ्यात आधी त्यांना कोंडाबाई भेटली. तिने पाणी दिलं आणि पोरगी कशी आहे म्हणून विचारलं. सर म्हणाले, बरी आहे, आज शाळेत गेली आहे. कोंडाबाईला बरं वाटलं. मग ती म्हणाली, "पावणं, राग मानू नगा. पन मारू नगा तिला."

सरांनी माझ्याकडे बघितलं. मी ओढ्याकडे बघितलं.

मग ते जवळ येऊन म्हणाले, हात म्हणजे काय? मी लॅपटॉप बंद आहे असं सांगून तोंडी समजावायला लागले, तर कोंडाबाईने अडवलं. काल खाडा झालाय, आज ओळ मोडायची नाही. पाहुण्यांना बोलायचं असेल तर त्यांनी ओळीत उभं राहून बोलावं, मधे नुसत्या उभ्या माणसामुळे दगड अडतो. सरांना वाटलं दोन मिनिटांचा प्रश्न आहे. ते माझ्या खाली उभे राहिले आणि लगेच त्यांच्या हातात दगड आला.

मी समजावणं सोडून दिलं. रामदासला खूण केली, तो खुशीने जांभळीखाली गेला. मग मी वर मान करून विचारलं, "नाना, परवाचा तो बिबट्या नेमका केवढा होता?"

नानांना हा प्रश्न दिवसातून कितीही वेळा विचारलेला चालतो. त्यांनी दोन्ही हात पुढे पसरले.

ओळ थांबली. एक मिनिट गेलं, दोन गेले. सरांच्या कपाळावरून घाम निथळून चष्म्यावर आला आणि पुसायला हात मोकळा नव्हता.

"घे ना हा," सर म्हणाले.

"माझे हात भरलेत, सर."

"मग पुढे दे."

"पुढचेही भरलेत."

"वर घेतंय कोण?"

"कुणी नाही. घेणारा कधीच गेला."

"मग आपण उभे का आहोत?"

"पुढे हात दिसतोय म्हणून."

सरांनी टाचा उंचावून वर बघितलं. उन्हात नानांचे दोन हात, मधे हवेतला बिबट्या. खाली गेणभाऊंपर्यंत ताटकळलेली माणसं. चार वर्षांचं लिहिलेलं सर डोक्यात उलगडून बघत असणार.

"तो हात कुणाचा आहे?" त्यांनी विचारलं. त्यांना माहीत होतं, तरी विचारलं.

"ज्याने ओळ लावली त्याचा."

"मी मागे घेतलाच नाही," सर म्हणाले. अगदी हळू म्हणाले.

त्या क्षणी मला त्यांच्याबद्दल खरंच माया वाटली. मंगळवारपासून त्यांच्या नावाने मनातल्या मनात जे काही म्हटलं होतं, त्यातलं निम्मं मी परत घेतलं.

त्यांनी दगड खाली ठेवला आणि गाडीतून आपला लॅपटॉप आणला. गेणभाऊंच्या नव्या बांधावर बसून त्यांनी एक ओळ लिहिली. एकच. पाचशेबारावी चालवली. बोट उचलायच्या आत ती पास झाली. पण कुठेही हात लावला की सगळं पहिल्यापासून तपासायचं, हा आमच्या कामाचा रिवाज आहे. एक हजार चाळीस चाचण्यांना तेवीस मिनिटं लागली. तोवर सर बांधावर आणि मी ओळीत. सगळ्या पास झाल्या. त्यांनी 'लागू नाही' खोडलं, त्यावर 'पास' लिहिलं आणि कागद माझ्याकडे आणला. मातीच्या हातांनी मी सही केली. कागदावर अंगठाही उमटला, तो पुसला नाही. बाराला दहा कमी असताना सर टेकाडावर धावले, वाटेत एका बुटाचा तळ सुटला, पण कागदाचा फोटो बाराच्या आत गेला.

परत येऊन त्यांनी गाडीची किल्ली काढली. सोमवारी वेळेवर ये, एवढंच म्हणाले. मी हो म्हणाले.

तेवढ्यात कोंडाबाई आली. तिला अहवालाशी देणंघेणं नव्हतं. भागुजीच्या घराचा काल खाडा पडला, तेव्हा त्यांच्या बांधाला ओळ येणार नाही, हे सांगायला ती आली होती. मला बाबांचा चेहरा दिसला. मी विचारलं, आत्या, नियम काय आहे, सांग. ती म्हणाली, दर घरचा एक माणूस, रोज, दिवस बुडेपर्यंत. मी विचारलं, आज एका घरचे दोन आले तर? एक कालच्या खाड्याच्या बदली धरतात, ती म्हणाली, तसं आधीही धरलंय. मी विचारलं, मग तो दुसरा माणूस घरातलाच पाहिजे, असं नियमात आहे का?

कोंडाबाईने पदराने तोंड पुसलं. ती खोटं बोलत नाही.

"न्हाई," ती म्हणाली. "तसं कुणी कदी इचारलंच न्हाई."

"मग हे आमच्या घरचे धर."

कोंडाबाईने सरांना पायापासून डोक्यापर्यंत बघितलं. "धरते. पन दिस बुडंस्तवर."

सर किल्ली हातात घेऊन उभे होते. ते म्हणाले, मला मंचरला जायचंय, तीनला मीटिंग आहे, आणि हे तसं मला लागू नाही.

"नियमात लागू आहे, सर," मी म्हणाले.

त्यांनी माझ्याकडे बघितलं. मग किल्ली खिशात घातली, दोन्ही बूट काढून बांधावर ठेवले आणि अनवाणी माझ्या खाली येऊन उभे राहिले.

दिवस बुडाला तेव्हा त्यांच्या दोन्ही तळहातांना फोड आले होते आणि सर ते कौतुकाने बघत होते. गेणभाऊंच्या अंगणात चहा झाला. नानांनी सरांना सरळ विचारलं, आमची आरती तुमच्याकडं नेमकं काय करती? सरांनी शेल, नियमांचं पुस्तक, असं सुरू केलं. दोन वाक्यांनंतर नानांनीच त्यांना थांबवलं.

"म्हंजे काम संपल्यावर कुनी उगाच हात पुढं ठिवून उभं ऱ्हातंय का, त्ये बघती."

"हो," सर म्हणाले. "तेच करते."

बाबा आता लोकांना तसंच सांगतात. कोंडाबाईने झेरॉक्सचं विचारणं सोडलंय. आमचा बांध पुढच्या आठवड्यात झाला. सोमवारी मी कामावर गेले होते, म्हणून आमच्या घरचा माणूस म्हणून बाबांना खाटेसकट नेऊन ओळीच्या वरच्या टोकाला ठेवलं. त्यांचं काम एकच होतं, रामदास उठला की नानांचे हात धरून खाली करायचे.